दोन ते चार

त्या दिवशी फिजिओबाई रुग्णालयाच्या तळघरात गेली ती आपली फडकी शोधायला. धुवायला टाकलेल्या तीसपैकी अकराच परत आली होती, आणि फडकी नाहीत म्हणजे तिचं काम अडलं. धुलाईखात्यातल्या माणसानं वाफाळत्या ढिगात हात घालून एकेक फडकं ओढून काढलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही वर नक्की करता तरी काय? कुणी म्हणतं मालिश करता."

"मालिश नाही हो. बाळांना नीट झोपवते."

"ते तर माझी बायकोही करते. तिला कुठे कोण पगार देतं?"

ती हसली. या प्रश्नाची तिला सवय होती. नोकरी लागली त्या दिवशी सासूबाईंनीही विचारलं होतं, "किलोभराच्या पोराकडून तू काय दंडबैठका काढून घेणार?" लोकांच्या डोक्यात फिजिओ म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे. पण दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल गादीवर ठेवलं की हातपाय पसरून चपटं पडतं. आईच्या पोटात अंग मुडपून बसायची जागा त्याला अकाली सोडावी लागलेली असते. मग फडक्यांच्या गुंडाळ्या करून त्याच्याभोवती घरटं रचायचं, गुडघे पोटाशी आणि हात तोंडाशी आणायचे, डोकं एका बाजूनं चेपू नये म्हणून कूस बदलायची. छातीत कफ अडला तर कोणत्या कुशीवर ठेवलं की सुटेल ते ठरवायचं. सुई टोचताना एक तळवा डोक्यावर, एक पायांवर नुसता टेकवून त्याला धीर द्यायचा. आणि आईला शिकवायचं, एवढासा जीव छातीशी धरायचा कसा. तिचे शिक्षक म्हणायचे, आपल्या धंद्यात हात चालवणाऱ्यापेक्षा हात आवरणारा मोठा.

फडकी घेऊन ती वर आली तेव्हा चार वाजून गेले होते. नवजात बाळांच्या त्या अतिदक्षता विभागात बारा काचेच्या पेट्या होत्या, आणि दुपारी दोन ते चार ही तिथली शांत वेळ. दोनच्या ठोक्याला दिवे मंद व्हायचे, जाड पडदे ओढले जायचे, पेट्यांवर चादरी पडायच्या, फोनची घंटा बंद. अगदी गरज असल्याशिवाय बाळाला कुणी हात लावायचा नाही, कारण पोटातल्यासारखा अंधार आणि झोप हेच त्यांचं औषध. भर दुपारी त्या खोलीत तिन्हीसांज व्हायची. यंत्रांची बारीक टिकटिक, नळ्यांतून जाणाऱ्या हवेची सुसू, स्पिरिटचा वास आणि त्याखाली किंचित आंबूस असा दुधाचा वास.

चार नंबरच्या पेटीत पैलवान होता. एक किलो शंभर ग्रॅमचा, म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव. त्याची उजवी छाती दोन दिवस अडली होती. तिनं त्याची फाइल उघडली आणि तिची नजर एका ओळीवर थबकली.

"छाती थपथप. ३.००. पाच मिनिटं. बाळ शांत."

अक्षर टपोरं, वळणदार. सही नाही. कफ सुटावा म्हणून छाती अशी थापटायची तिची रीत नव्हती. इतक्या लहान बाळांवर थपथप आता कुणीच करत नसे. आणि तीन वाजता ती या मजल्यावरच नव्हती.

तेवढ्यात डॉक्टर हातात एक्स-रे घेऊन आले. "वा! उजवी बाजू पार मोकळी झाली. दोन दिवस मी डोकं धरून बसलो होतो. काय केलंत?"

"मी... कूस बदलली होती सकाळी," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? नोकरीला दोन महिनेही झाले नव्हते. ही जागा आठ वर्षं रिकामी पडली होती, आणि तिथल्या जुन्या लोकांना अजून ती पाहुणीच वाटत होती. आल्या आल्या कुणाची चहाडी कशी करायची? शिवाय कौतुक झालं होतं. कौतुक माणसाची जीभ आखडतं.

पण संशयाची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्या पंधरवड्यात तशा आणखी तीन ओळी सापडल्या. नेहमी तीन वाजता, नेहमी ज्या बाळाची छाती अडलेली त्याच्याच फाइलमध्ये. आणि दर वेळी छाती मोकळी. एकदा बाळाची पाठ पुसताना तिला तिथे एक फिकट लालसर गोल दिसला, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. तासाभरात तो विरून गेला.

शांत वेळेत आत असायच्या त्या फक्त दोन परिचारिका आणि विभागाच्या मुख्य सिस्टर. या सिस्टर तिथे तीस वर्षं होत्या. धाकट्या मुली त्यांना पाठीमागे 'हवालदार' म्हणायच्या, कारण त्यांच्या बुटांचा आवाज आला की बाळंसुद्धा रडायची थांबतात अशी थट्टा होती. पहिल्याच दिवशी त्यांनी फिजिओबाईला सांगितलं होतं, "तुमची घरटी करा, माझी काही हरकत नाही. पण दोन ते चार माझ्या वेळेत लुडबूड नको." तेव्हा तो कडकपणा वाटला होता. आता तिला वाटायला लागलं, इथेच पाणी मुरतंय.

एकदा तिनं दाराच्या काचेतून डोकावून पाहिलं. त्या अर्ध्या अंधारात हवालदारबाई एका पेटीकडून दुसरीकडे जात होत्या, पावलांचा आवाज न करता, चक्क अनवाणी. प्रत्येक पेटीपाशी थांबायच्या, कान लावायच्या. मग उजवा हात एप्रनच्या खिशात जायचा आणि काहीतरी घट्ट धरायचा. तिनं दार ढकललं तशा त्या दचकल्या. हात खिशातून बाहेर आला आणि एक वस्तू जमिनीवर पडून घरंगळत तिच्या पायाशी आली. लहान रबरी वाटी होती ती, कडा झिजून गुळगुळीत झालेली. असली वाटी तिनं फक्त पुस्तकात पाहिली होती. पूर्वी बाळांच्या छातीवर थापटायला वापरत.

"ही तुमची?"

"इकडे द्या," हवालदारबाई म्हणाल्या. आवाज हलका होता, पण धारदार. "आणि चारच्या आत परत इथे येऊ नका."

त्याच आठवड्यात पैलवानाच्या डोक्याची सोनोग्राफी झाली. टाळूवर यंत्र टेकवून आतलं पाहतात ती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आधीच्या तपासणीत त्याचा मागमूस नव्हता.

संध्याकाळी तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर चार फायली उघड्या होत्या. "या थपथपीच्या नोंदी तुमच्या?"

"नाही."

"छातीचं काम करणारं इथे दुसरं कोण आहे? आणि मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नव्हतात."

"मी... तेव्हा बोलायला हवं होतं. डॉक्टर, सिस्टरांच्या खिशात थापटायची वाटी आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तीस वर्षं झाली त्यांना. आरोप करताना जपून. परवा चौकशी समिती बसेल. तोवर सिस्टर समोर असल्याशिवाय तुम्ही एकाही बाळाला हात लावायचा नाही."

म्हणजे जिच्यावर तिचा संशय, तिच्याच पहाऱ्यात तिनं राहायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बातमी लपते थोडीच! दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊ नंबरच्या पेटीपाशी गेली. त्यात चिमूट होती. सातव्या महिन्यात जन्मलेली, नऊशे ग्रॅमची, तिच्या आईनंच ते नाव ठेवलेलं, कारण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली होती, "ही तर चिमूटभरच आहे हो." आई शिवणकाम करायची. फिजिओबाईचं पाहून तिनं लेकीसाठी मऊ कापडाची एक लांब गुंडाळी शिवून आणली होती, आणि महिनाभरात दोघींची चांगली गट्टी जमली होती. आज ती पेटीच्या आड उभी राहिली.

"ताई, रागावू नका. पण तुम्ही तिला हात लावू नका."

"मी काही केलं नाही गं."

"नसेल केलं. पण मला एकच आहे... तुम्ही समजून घ्या."

ती समजली. समजलं म्हणून काही कमी लागत नाही. आणि त्याच वेळी तिला दिसलं, चिमूट छातीच्या एकाच बाजूनं श्वास घेत होती. डावी बाजू हलतच नव्हती. थोड्या वेळानं आलेल्या एक्स-रेनं तेच सांगितलं. डावी छाती अडली होती.

म्हणजे आज तीन वाजता.

दीड वाजता ती सरळ हवालदारबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "आज मी शांत वेळेत नऊ नंबरपाशी बसणार. तुम्हीही बसा. दोघींचे हात दोघींना दिसतील असे. नाहीतर आत्ता डॉक्टरांना बोलावते आणि खिसा रिकामा करायला लावते."

ती बाई भडकेल असं तिला वाटलं होतं. पण हवालदारबाई खुर्चीत मटकन बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"तुम्हाला वाटतं मी करते?"

"मग कोण?"

"अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी जुन्या बाई होत्या इथे. वीस वर्षं. हात असा की काय सांगू... ही वाटी त्यांचीच. निळी पडलेली पोरं त्यांनी थापटून थापटून परत आणली. मग अगदी लहान बाळांच्या डोक्यात रक्त सापडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, या धक्क्यांनी होत असणार, थपथप बंद. बाई ऐकेनात. म्हणायच्या, माझ्या हाताखाली एक मूल दगावलेलं दाखवा. दोन ते चार, अंधारात, चोरून करायच्या. मीच सांगितलं वर. माझ्या सांगण्यावरून त्यांना काढलं. जाताना वाटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, तू सांभाळ, मला लागेल."

"मग तुम्ही हे आधी का नाही..."

"काय सांगू? जी बाई आठ वर्षं इथे नाही ती फाइलीत लिहिते म्हणून? वाटी खिशात घेऊन फिरते मी. वाटतं, वाटी माझ्याकडे असली म्हणजे... पण आवाज येतो. मी जाते तिथे थांबतो, आणि दुसरीकडे सुरू होतो."

फिजिओबाईचा विश्वास बसला असं नाही. उलट तिला वाटलं, काय गोष्ट रचलीय! तिनं चिमूटच्या आईला बाहेर गाठून सांगितलं, मी नुसती शेजारी बसते, सिस्टर समोर असतील. आईनं होकाराची मान हलवली आणि ती बाकावर जाऊन बसली.

दोन वाजले. पडदे ओढले गेले. दोघी पेटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसल्या. चादर एका कोपऱ्यातून दुमडून ठेवली होती. वाटी दोघींच्या मध्ये, पेटीच्या टपावर. चिमूट उजव्या कुशीवर, आईनं शिवलेल्या गुंडाळीत अंग मुडपून झोपली होती. पाठ फिजिओबाईकडे. त्या पाठीवरचे मणके मोजता आले असते.

अडीच. पावणेतीन. हवालदारबाईंचे दोन्ही हात मांडीवर. फिजिओबाईचे डोळे त्या हातांवरून हलत नव्हते.

तीनला एखादं मिनिट कमी असेल. दुधाचा वास कमी झाला आणि टाल्कम पावडरीचा वास आला. या विभागात पावडर आणायला बंदी होती.

थप.

तिनं चमकून वाटीकडे पाहिलं. वाटी जागच्या जागी होती. हवालदारबाईंचे हात मांडीवरच होते.

थप... थप थप.

आवाज पेटीतून येत होता. ती वाकली. चिमूटच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडीत एक गोल खळगा उमटला आणि भरून आला. पुन्हा उमटला. बटणाएवढा. वर काही नव्हतं. हात नव्हता, वाटी नव्हती, सावलीसुद्धा नव्हती. नुसती ती इवलीशी पाठ दबत होती आणि वर येत होती, आणि दर ठोक्यासरशी डोकं गादीवर किंचित हिंदकळत होतं.

"सिस्टर..."

"दिसतंय मला," हवालदारबाई पुटपुटल्या. "दिसतंय..."

पेटीला हात आत घालायला दोन गोल खिडक्या असतात. फिजिओबाईनं त्या उघडल्या आणि दोन्ही हात आत घातले. आईला दिलेला शब्द मोडला गेला, पण ते तिला नंतर आठवलं. एक तळवा तिनं चिमूटच्या डोक्यावर ठेवला, हलू नये म्हणून, आणि दुसरा पाठीवर पसरला.

पुढचा ठोका तिच्या हाताच्या पाठीवर बसला.

हलका होता तो. सराईत, मोजून मापून दिलेला. आणि, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं, मायेचा होता. कुणीतरी जीव लावून एका बाळाला वाचवत होतं. ठोके थांबले. मग कुणीतरी बोटांनी चाचपावं तसं तिच्या हाताच्या कडेकडेनं काहीतरी फिरलं. तिच्या करंगळीखाली शिरायची वाट शोधत होतं.

तिनं हात आणखी सपाट दाबला, बाळावर भार न टाकता.

मग ठोके पुन्हा सुरू झाले. आता हलके नव्हते.

"बाई..." हवालदारबाई रिकाम्या हवेकडे तोंड करून बोलायला लागल्या, "बाई, पुरे. तुम्ही खूप केलंत. मी सांगितलं होतं वर, मी... माझ्यावर राग काढा. हिला सोडा..." आणि मग तिच्याकडे वळून, तीस वर्षांचा रुबाब विसरून, "हात काढू नकोस, पोरी. काही झालं तरी काढू नकोस."

तिनं काढला नाही. मनगटापासून खांद्यापर्यंत कळा जात होत्या. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशीवर घसरला, मग नव्वद, मग पुन्हा ब्याऐंशी. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. तिच्या तळव्याखाली चिमूटचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं. हळूहळू ते निवत गेलं. बाहेर मार चालूच होता आणि आत, त्या हाताच्या आडोशाला, चिमूट गाढ झोपली.

चार वाजता परिचारिकेनं पडदे सारले आणि ठोके बंद झाले. तिचा हात मनगटापासून बोटांपर्यंत काळानिळा पडला होता. हाताच्या पाठीवर मधोमध एक गोल वळ होता, बटणाएवढा.

हवालदारबाईंनी फाइल उघडली. दोन तास ती पेटीखालच्या कप्प्यात बंद होती आणि दोघींपैकी कुणी तिला शिवलंही नव्हतं. शेवटच्या ओळीची शाई ओली होती.

"३.००. करू दिलं नाही."

चिमूटच्या आईला हवालदारबाईंनीच आत आणलं. तिला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "पोरीची पाठ बघ. आणि यांचा हात बघ." आईनं दोन्हींकडे पाहिलं. फिजिओबाईचा तो सुजलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

चिमूटची छाती मोकळी व्हायला चार दिवस लागले. कूस बदलून, थोडं थोडं करून, घाई न करता. डोक्याची सोनोग्राफी स्वच्छ आली. पैलवानही जगला, पुढे त्याचं काय होईल ते वेळच सांगणार होती. डॉक्टरांनी रेकॉर्डच्या खोलीतून दहा वर्षांपूर्वीच्या फायली मागवल्या, दार लावून तासभर त्या नव्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या, आणि चौकशी समिती रद्द केली. बाहेर येऊन म्हणाले, "यापुढे दोन ते चार, ज्या बाळाची छाती अडलीय त्याच्या पेटीत एक माणूस हात ठेवून बसेल. का ते मला विचारू नका."

ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा फिजिओबाईच. रोज काही होत नसे, पण आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. घरी नवरा हाताकडे बघायचा आणि ती म्हणायची, पेटीचं दार लागलं. सासूबाईंनी एकदा मुकाट्यानं हळदीचा लेप लावून दिला आणि दंडबैठकांची थट्टा त्यानंतर कधी केली नाही. पण हे किती दिवस चालणार? एके दिवशी तिनं हवालदारबाईंना विचारलं, "जुन्या बाई गेल्या कधी? त्यांच्या घरच्यांना भेटून काही करता येतं का ते तरी बघू."

हवालदारबाई गोंधळल्या. "गेल्या? कुठे गेल्या? आहेत की. सुनेकडे असतात."

मेलेल्या माणसाचं एक वेळ समजतं.

पत्ता घेऊन ती निघाली त्या दिवशी सकाळीच विभागात जुळी आली होती. दोघांचीही छाती अडलेली. हवालदारबाई म्हणाल्या, "जाऊन या तुम्ही. आज मी बसते."

सुनेनं दार उघडलं. थकलेली, बोलायला माणूस मिळाल्यावर बरं वाटणारी बाई. "सासूबाईंना भेटायचंय? या ना. चार वर्षं झाली पक्षाघाताला. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, बोलत तर नाहीतच. ऐकू मात्र सगळं येतं. त्यांच्या जागी नवीन बाई घेतल्या हे शेजारणीनं सांगितलं, तर डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. दोन-तीन महिने झाले असतील त्याला."

खोली स्वच्छ होती. उशाशी टाल्कम पावडरीचा डबा. पलंगावर जुन्या बाई उताण्या, डोळे मिटलेले. दोन्ही हात चादरीवर, बोटं आत वळून घट्ट झालेली. असे हात तिनं शेकड्यांनी पाहिले होते. या हातांनी चमचाही धरता आला नसता.

"झोपल्यात?" तिनं हळूच विचारलं.

सून दारातच थांबली होती. आत येत नव्हती. "तीन वाजलेत ना... या वेळी मी आत जात नाही."

"का?"

सून जरा घुटमळली. "तुम्ही या धंद्यातल्या, म्हणून सांगते. अंगानं भारी आहेत त्या. कूस बदलायला मला रोज शेजारीण बोलवावी लागते, दोघींच्या कमरेचे टाके ढिले होतात. पण मागे एकदा दुपारी चादर ओली दिसली म्हणून मी एकटीनंच हात घातला... आणि..."

"आणि काय?"

"तुम्हीच बघा."

ती पुढे झाली. एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली सरकवला, हजारदा केलं होतं तसा. पाय रोवले, पाठ ताठ ठेवली, श्वास घेतला आणि उचललं.

तिचा तोल मागे गेला. जोर लावला तो सगळा वायाच गेला. जुन्या बाई तिच्या हातांवर अशा वर आल्या, जशी दोरीवरची वाळलेली उशीची खोळ. हाडं होती, मांस होतं, अंग ऊबदार होतं. वजन नव्हतं. खाली पाहिलं तर गादीवर खळगा नव्हता, सुरकुती नव्हती.

तिनं त्यांना अलगद परत ठेवलं. मग तिला आठवलं. जुळी. दोन पेट्या आणि हवालदारबाई एकट्या. तिनं फोन काढून विभागाचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. शांत वेळेत तिथे ती कुणाला ऐकू जाणार नव्हती.

मग ती पलंगाशेजारी खाली बसली. जुन्या बाईंच्या आखडलेल्या दोन्ही मुठी तिनं आपल्या तळव्यांत धरल्या, बाळाला धरावं तशा, न दाबता, न हलवता, आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "बाई, आता थांबा. मी आहे." ते कुणाला ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मुठी गार होत्या. ती धरून बसली. सून दारातून पाहत होती, पदर तोंडाशी धरून.

घड्याळात चार वाजले.

कुणी हललं नाही. पण पलंग करकरला. जुन्या बाईंच्या पाठीखाली, खांद्यांखाली, टाचांखाली गादी हळूहळू, एकेक बोट, खाली दबत गेली. आणि त्यांच्या तोंडून एक लांब निःश्वास सुटला, दिवसभराचं काम हातावेगळं करून घरी आलेल्या माणसानं टेकल्या टेकल्या सोडावा तसा.